पखवाजाच्या हातोडीनं बसवलेला बंपर

बाबा, तुमची हातोडी अजून माझ्याजवळ आहे. परवा गुळाची भेली फोडताना तिचा दांडा हलायला लागला, म्हणून यांनी अंगणात बाजेवर बसून त्यात बाभळीची पाचर ठोकून दिली. ठोकता ठोकता हे एकटेच हसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "मोटर आठोली." मग मलाही हसू आवरेना. आणि हसता हसताच लक्षात आलं, की ही गोष्ट आमच्या सगळ्या चाळीला पाठ आहे, पण ज्याला ती सर्वांत आधी सांगायला पाहिजे होती त्या माणसाला तेवढी ठाऊक नाही. तुम्ही तेव्हा जाऊन काही वर्षं झाली होती. म्हणून आज देवाचं झालं, भांडी झाली, दिवसाचा हिशेब मांडून झाला, आणि हा कागद घेऊन बसले आहे.

आधी हातोडीपासून सांगते, कारण मोटरीची गोष्ट खरं म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातच सुरू होते. संध्याकाळी आई कणीक मळायला बसली की मळून झाल्यावर एक गोळा बाजूला काढून ठेवायची. तो खायचा नाही, तो पखवाजाचा. तुम्ही शेतातून यायचे, हातपाय धुवायचे, पखवाज मांडीवर आडवा घ्यायचे. डाव्या तोंडाच्या चामडी पुडीवर कणीक थापायची, म्हणजे आवाज खाली जाड येतो. उजवी पुडी हातोडीनं सुराला चढवायची, कडेच्या चामडी गजऱ्यावर हलके हलके ठोके देत. मी चुलीपाशी बसून ऐकते आहे. ठक, ठक, मग बोटानं टण्ण. पुन्हा ठक, ठक. तुम्ही डोळे मिटलेले, मान जरा वाकडी. भजन संपवून मारुतीच्या देवळातून परत आलात की ती कणीक खरवडून गाईला द्यायची, वाया काही जायचं नाही. काटकसर मी आईकडून शिकले असं सगळे म्हणतात, पण पखवाजाची कणीकसुद्धा गाईच्या तोंडी घालणारे तुम्हीच होतात.

सप्ताहाच्या काल्याचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला शेतातून यायला उशीर झाला होता आणि देवळातून दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं. मला वाटलं, बाबा येईपर्यंत आपण पखवाज चढवून ठेवावा, तेवढाच त्यांचा वेळ वाचेल. मी हातोडी घेतली आणि माझ्या बाजूनं, जिथं हात पुरत होता तिथं, ठोकत सुटले. आवाज चढत होता, मला आनंद होत होता, आणि एकदम फट्ट. पुडी उभी फाटली. तुम्ही दारात उभे होता. मला वाटलं आता मार बसतो. तुम्ही मारलं नाही. खाली बसून फाटलेल्या पुडीवरून बोट फिरवलं आणि म्हणालात, "एकाच बाजूनं ओढशीन तं फाटनच नं व. एक ठोका इकडं, एक त्याच्या समोर. आन दर ठोक्याले ऐकाचं. कानानं चढवाचा राह्यते पखवाज, हातानं नाई." त्या काल्याला तुम्ही नुसते टाळ घेऊन उभे राहिलात. लोकांनी विचारलं, पखवाज काहून नाही आणला? तुम्ही म्हणालात, "थकला हाये." माझं नाव घेतलं नाही. मार परवडला असता, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

नवी पुडी बसल्यावर मात्र तुम्ही हातोडी माझ्याकडेच दिली. रोज संध्याकाळी चढवायचं काम माझं. दादा वाजवायचा, मी चढवायची. मी एकदा विचारलं होतं, मीही देवळात वाजवू का? तुम्ही म्हणालात, "घरी वाजव. देवळात पोरीनं नाई वाजवत." मी पुन्हा विचारलं नाही. मग मी आत्याकडे रिसोडला राहून मॅट्रिक झाले, लग्न होऊन वाशीमला आले, दादा गिरणीच्या नोकरीला निघून गेला. शेवटच्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा तुमची बोटं वाकायला लागली होती. निघताना तुम्ही हातोडी माझ्या पिशवीत टाकलीत आणि तोंड फिरवून म्हणालात, "घिऊन जाय. नारळ फोडाले कामी पडन." बाबा, मी खरंच तिनं नारळ फोडले, गूळ फोडला, खिळे ठोकले. बाईच्या संसारात एवढीशी हातोडी किती कामाची असते ते पुरुषांना कळायचं नाही. पण तिचं खरं काम पुढंच होतं.

तुमच्या जावयांचं तुम्हाला माहीत आहे. ट्रक चालवता चालवता हे एका कापसाच्या जिनिंगच्या मालकांकडे डायव्हर म्हणून लागले आणि आम्हाला जिनिंगच्या मागच्या चाळीत दोन खोल्या आणि अंगण मिळालं. तुम्ही होता तेव्हा मालकांकडे एक जीप होती. मोठ्या दुष्काळानंतर दिवस जरा बरे आले, तसा मालकांच्या मुलानं मुंबईहून एक मोटर आणली. अशी मोटर वाशीमनं पाहिली नव्हती. लालभडक, दोनच शिटांची, वर टप नाही, आणि इतकी बुटकी की बैलाच्या पोटाखालून जाईल असं वाटावं. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात असं मुलानं सांगितलं. चाळीतल्या काकू म्हणाल्या, "अर्धीच हाये का? बाकीची मागून येनार हाये का?" समोरून मात्र ती राजबिंडी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांदीसारखा चकचकीत बंपर, त्यात वाकून पाहिलं तर कुंकू नीट लावून घेता यावं. मुलगा मुंबईला परत गेला, मोटर इथंच राहिली, त्याच्या लग्नात वरातीला काढायची म्हणून. तोवर तिची देखभाल यांच्याकडे. हे तिला रोज असे पुसायचे की मी म्हणायची, माझ्या देवांनासुद्धा एवढा अभिषेक होत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, जिनिंगमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी मोटरीची पूजा मालकांच्या आईनं स्वतः केली. म्हातारी फार श्रद्धेची. मी ताट धरून मागे उभी. तिनं बंपरला हार घातला, दिव्यांना कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मग आत वाकून जिथं पाय द्यायचा त्या ब्रेकला, क्लचलाही हळद-कुंकू वाहिलं आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं. मला वाटलं, पायाच्या जागी कशाला? पण पूजेत मध्ये बोलायचं कसं. मग तिनं यांना सांगितलं, "आता लिंबं चिरड. आन चपला काढ. पूजा झालेल्या वाहनात चपला घालून बसतेत का?" यांनी चपला काढल्या, मोटरीला हात जोडले, बसले, गाडी सुरू केली. अनवाणी पाय, त्याखाली नारळाचं पाणी आणि हळदीचा चिखल. क्लचवरून पाय सटकला. मोटरीनं हरणासारखी उडी घेतली आणि समोर बैलांना पाणी पाजायची दगडी डोण होती तिच्यावर डावीकडून जाऊन आदळली. लिंबं चिरडली बाबा, पण बंपरही डाव्या अंगाला चेपून मडगार्डाकडं वळला, आणि हार त्याच्यावर तसाच लोंबत राहिला.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हातारी ताट खाली ठेवून म्हणाली, "पूजेच्या दिवशी! याच्या हाताले गुण नाई." बस, एवढंच. पण तुम्हाला तर माहीत आहे आपल्याकडे अशा शब्दाचं काय होतं. संध्याकाळपर्यंत तो जिनिंगभर फिरला, दुसऱ्या दिवशी बाजारात गेला. यांच्यासोबत जीपमध्ये बसायला मुनीमजी कचरू लागले. मालक भले माणूस, पण लग्नघर म्हटल्यावर त्यांचंही चालेना. ते म्हणाले, "मुंबईहून नवीन बंपर मागवतो. तुळशीच्या लग्नापर्यंत गाडी पहिल्यासारखी झाली पाहिजे. नाही झाली तर वरातीला अकोल्याचा डायव्हर येईन, आन तुमी जिनात रुई तोला." पगार तोच राहणार होता. पण यांचा चेहरा पाहून मला कळलं की यांचं जे जाणार ते पगारात मोजता येणारं नव्हतं. ज्यानं घाटातून भरलेला ट्रक उतरवला, त्याला उद्यापासून काट्यापुढं बसवणार, आणि तेही हाताला गुण नाही म्हणून.

वाशीमला मिस्त्री होते, पण ट्रकाचे. एकानं मोटर पाहिली आणि म्हणाला, "हे विलायती भावली हाये. मी घन घालीन तं मोडून जाईन. मले नको." मालकांनाही ती कोणाच्या घणाखाली द्यायची नव्हती. मग हे म्हणाले, मी घरी बसवतो. मोटर ढकलत आमच्या अंगणात आणली, निंबाखाली उभी केली, वर कापसाची ताडपत्री. दिवाळी गेली तरी पार्सल नाही. मी रोज मारुतीला तेल घालत होते आणि हे रोज स्टेशनावर चक्कर मारत होते. शेवटी छोट्या लाइनच्या गाडीनं एकदाचा बंपर आला, तरटात आणि गवतात गुंडाळलेला, माणसाएवढा लांब. बैलबंडीत टाकून आणला तेव्हा काकू दारातून म्हणाल्या, "कोन मेलं व?"

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच यांनी कामाला हात घातला. मी पूजेचं ताट घेऊन बाहेर आले तर हे म्हणाले, "कुंकू नको लावू बापा आता. मागच्या टायमाले कुंकवानंच घात केला." मी ताट परत ठेवलं. आता तो बंपर कसा बसतो ते सांगते, तुम्हाला कळेल. मोटरीच्या पोटातून दोन लोखंडी हात पुढं आलेले असतात, त्यांच्यावर बंपर दोन बोल्टांनी धरायचा. आणि दोन टोकं मागं वळून मडगार्डाला एकेक बोल्ट. असे चार. यांनी डावीकडचा हाताचा बोल्ट घातला आणि पाना लावून जीव खाऊन आवळला. मग डावं टोक आवळलं. उजवीकडं गेले तर भोक भोकासमोर येईना. बोटभर बाहेर. ढिलं केलं, उजवीकडून आवळत आले, तर आता डावीकडं येईना. दुपार झाली. मी पोळी वाढून ठेवली ती तशीच. शेवटी यांनी पहार आणली, बंपराला गुडघा लावला आणि रेटा दिला. मडगार्डाच्या रंगातून कट्ट असा आवाज आला.

बाबा, तो आवाज मी ओळखत होते. काल्याच्या दिवशी पुडी फाटायच्या आधी तसाच आवाज आला होता. तेव्हा मला तो ओळखू आला नव्हता.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की काकू बाहेर आल्या. हे थांबले. पहार टाकून निंबाच्या बुडाशी बसले. अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला. म्हणाले, "जाऊ दे. येऊ दे त्या अकोल्यावाल्याले. म्हातारी काई खोटी नाई बोलली." मी इतक्या वर्षांत यांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. मला राग आला. यांचा नाही, म्हातारीचाही नाही, त्या वाक्याचाच आला. मी म्हटलं, "उठा. चारही बोल्ट काढा."

"काहून?"

"काढा म्हणते नं. एकाच बाजूनं ओढून राह्यले तुमी. समोरच्याले विचारलं का?"

"कोन समोरचा?"

मी घरात गेले. दुपारच्या पोळ्यांची कणीक परातीत शिल्लक होती, ती घेतली. चुलीमागच्या कोनाड्यातून तुमची हातोडी घेतली. अंगणात आले तर काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या. "अवं, कनिक घिऊन कुठी चालली? मोटरीचं डोहाळजेवन हाये का?" मी म्हटलं, "हो काकू, बसा पंगतीले." हे माझ्याकडे असे पाहत होते, जणू उन्हानं माझं डोकं फिरलं आहे. मी दोन सारखे गोळे केले आणि दोन लोखंडी हातांवर एकेक थापला, तुम्ही डाव्या पुडीवर थापायचे तसा, कडा दाबून. मग यांना म्हटलं, आता बंपर दोघं मिळून सरळ धरू, आवळायचा नाही, नुसता मडगार्डाशी जसा दिसला पाहिजे तसा धरून दाबायचा आणि काढायचा. धरला, दाबला, काढला. उजवीकडची कणीक दबून पापडासारखी झालेली. डावीकडची जाड, भाकरीएवढी. म्हणजे डावा हात डोणीच्या धडकेनं मागं सरकला होता. डोळ्याला तो सरळच दिसत होता, दिवसभर आम्ही दोघं त्याच्याकडं पाहत होतो, पण कणकेनं खरं सांगितलं.

हे बराच वेळ त्या डाव्या गोळ्याकडं बघत उकिडवे बसले. मग एकदम उठले. "वायसर!" म्हणाले. ट्रकाच्या जुन्या सामानाचा यांचा एक डबा आहे, तो पालथा घातला, लोखंडी चकत्या निवडल्या, एकावर एक ठेवून कणकेच्या जाडीशी लावून पाहिल्या, एक काढली, एक पातळ घातली. लांब बोल्टही त्याच डब्यात निघाला. यात माझं काही नाही बाबा. डबा मी कितीदा भंगारात द्यायला निघाले होते, यांनी देऊ दिला नव्हता. काटकसर फक्त बायकांनाच येते असं मी तेव्हापासून म्हणत नाही.

मग लोखंडावरची कणीक खरवडून काढली आणि चारही बोल्ट घातले, पण हातानंच, हलते ठेवून. आणि आम्ही आवळायला लागलो. मी सांगायची, हे पाना फिरवायचे. "डावा हात, थोडा. बस. आता उजवं टोक. बस. आता उजवा हात. थांबा." दर वेळेला मी तुमच्या हातोडीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून बंपराच्या आतल्या कडेला एक हलका ठोका द्यायची आणि कान लावायची. आधी सगळीकडं भद्द, भद्द, कणीक जास्त झालेल्या पुडीसारखा. मग डावीकडं थोडा टण्ण यायला लागला, उजवीकडं अजून भद्द. "उजवं टोक अजून जरासं." हे म्हणाले, "अवं, आता बसला नं तो, दिसते तं बराबर." मी म्हटलं, "दिसते बराबर. ऐकू नाई येत बराबर." काकू तोपर्यंत ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांचं हसणं थांबलं होतं. त्याही ऐकत होत्या. एका ठोक्याला तर त्याच आधी म्हणाल्या, "नाई, इकडं अजून थकेल हाये."

आणि मग तो आला. मी डावीकडं ठोका दिला, उजवीकडं दिला, मधोमध दिला. सगळीकडं एकच. लांब, मोकळा, कुठं अडखळत नाही असा. तो बंपर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घुमला, आणि मी तशीच वाकून उभी, डोळे मिटलेले, मान जरा वाकडी. हे नंतर म्हणाले, "तू तवा तुह्या बापासारखी दिसत होती." यांनी मग मडगार्डाची फट बोटानं चाचपून पाहिली. दोन्ही बाजूंना करंगळी सारखीच शिरत होती. निंबातून ऊन खाली आलं होतं आणि बंपरात आम्ही तिघंही दिसत होतो, काकू, हे, मी, जरा पसरट, पण नीट. त्या संध्याकाळच्या हिशेबात मी लिहिलं, कणीक एक मूठ, मोटरीसाठी. नंतर ती गाईच्या तोंडी दिली, पण त्याची नोंद कुठं करायची ते मला कळलं नाही.

लग्नाच्या दिवशी वरात निघायच्या आधी मालकांच्या वाड्यापुढं मोटर उभी होती, झेंडूनं मढवलेली. हे आत बसलेले, आणि पायात कॅनव्हासचे बूट. म्हातारी ताट घेऊन आली. सगळी पंचमंडळी उभी. तिनं बूट पाहिले. मला वाटलं, आता काढायला सांगते. हे हात जोडून म्हणाले, "आजी, पूजा करा, हार घाला, नारळ फोडा. पायाखालची जागा तेवढी कोरडी ठेवा." मग म्हातारीचं बोळकं पसरलं. "हुशार झाला व हा," असं म्हणून तिनं बंपरलाच तेवढं कुंकू लावलं, वाकून त्यात आपलं तोंड पाहिलं, पदर सारखा केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याच्या हाताले गुण हाये बरं. पहिल्यापेक्षा बी सरस बसोला." मालकांनी विचारलं, मुंबईचा कोणी मिस्त्री आणला होता का? आणि बाबा, तुमचे जावई, जे चारचौघांत माझ्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत, ते म्हणाले, "बंपर मी बसोला मालक. सूर हिनं लावला." बँडवाले वाजवायला उभेच होते, तेही हसले. मी पदरात तोंड लपवलं, पण हसू लपलं नाही.

त्यानंतर कोणी यांना काट्यापुढं बसवायची भाषा केली नाही. थकेपर्यंत हे डायव्हरच राहिले. मोटर पुढं मालकांच्या मुलानं विकून टाकली. ज्यानं घेतली तो म्हणे म्हणाला की बाकी सगळी गाडी खडखडते, पुढचा बंपर तेवढा हूं की चूं करत नाही.

आता एक राहिलं. ते अजून कोणाला सांगितलं नाही. यांना माहीत आहे, कारण हे तिथंच होते.

बंपर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी यांना सांगितलं होतं, वरातीआधी एखाद्या खराब रस्त्यानं नेऊन आणा, खडखड होते का पाहा. हे मला म्हणाले, "चाल, ऐकाले कान पाह्यजे." मी डोक्यावरून पदर घेऊन त्या दोनपैकी एका शिटावर बसले. जमीन इतकी जवळ, वारा इतका, की मी सारा रस्ता पदर दातात धरला होता. यांनी रिसोडची सडक धरली आणि मला न विचारता आपल्या गावाकडं वळवली. बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून मोटर हादरत गेली, मी खाली वाकून ऐकत होते, बंपर गप्प. मारुतीच्या पाराशी उभी केली. सगळं गाव मोटरीभोवती. मी देवळात गेले. तुमचा पखवाज तिथंच होता, तुम्ही गेल्यावर भजनी मंडळानं ठेवून घेतलेला, खुंटीला टांगलेला. मंडळाचे म्हातारे बुवा तेवढे आत होते. म्हणाले, "पोरी, तुह्या बापाच्या मागं याले कोनी नीट चढोलाच नाई. आवाजच निंगत नाई." हातोडी माझ्या पिशवीतच होती. मी बसले, मांडीवर घेतला आणि चढवला. एक ठोका इकडं, एक समोर. दर ठोक्याला ऐकत. हे दारात बूट हातात धरून उभे होते.

चढला तेव्हा तो बुवांच्या हातात द्यायला पाहिजे होता. मी नाही दिला. देवासमोर बसून मी वाजवला बाबा. तुम्ही घरी शिकू दिलेलं, भजनाचा तेवढा एक ठेका, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बुवांनी टाळ उचलले. बाहेरचा गलका थांबला होता.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. हातोडी आता देव्हाऱ्यात असते, तिच्याखाली घडी घालून ठेवते. रोज पूजा करताना मी देवळात वाजवल्याबद्दल तुमची माफी मागत आले आहे असं यांना वाटतं. ते खरं नाही. मी फक्त विचारते, ऐकू आलं होतं का?